टकरटनच्या खाजणात कयाक घेऊन

न्यू जर्सीच्या दक्षिण किनाऱ्यावर टकरटन नावाचं जुनं गाव आहे. तिथून ग्रेट बे बुलेव्हार्ड नावाचा रस्ता निघतो, पाचेक मैल खाजणातून समुद्राच्या दिशेने जातो आणि पाण्यापाशी संपतो. लोक त्याला सेव्हन ब्रिजेस रोड म्हणतात. प्रत्यक्षात पूल पाचच आहेत. मूळ बेत खाडीपलीकडच्या ब्रिगंटीनपर्यंत रस्ता नेण्याचा होता, तो अर्ध्यावर राहिला. माझ्या मते ते फार चांगलं झालं, कारण आज रस्त्याच्या दोन्ही बाजूंना क्षितिजापर्यंत गवत आणि पाणी आहे. बराचसा भाग राज्याच्या वन्यजीव खात्याकडे राखीव आहे, आणि पुलांच्या आजूबाजूला कयाक पाण्यात सोडता येईल अशा लहान जागा आहेत. धक्का नाही, नळ नाही, शौचालय नाही. गवताच्या भिंतीत चार हात रुंदीची फट, तिच्यात वाळू आणि फुटके शिंपले, एवढंच. मी एडिसनला राहते आणि उन्हाळ्यात सवड मिळेल तेव्हा तिथे जाते. ज्यांना जायचंय त्यांच्यासाठी यंदाच्या जूनमधली फेरी सविस्तर लिहिते आहे. या वेळी भारतातून आलेले माझे वडील, अण्णा, सोबत होते.

खाजणात जायचं तर पहिला प्रश्न भरतीचा. हवामान, ट्रॅफिक, डबा हे सगळं त्यानंतर. सरोवरात कयाक केव्हाही घाला, पाणी जागेवर असतं. इथे सकाळी ज्या वाटेने आत गेलात तिथे दुपारी नुसता चिखल असू शकतो. आदल्या रात्री मी लॅपटॉप उघडून बसले तर अण्णा म्हणाले, "कशाला शोधत बसलीस? आज वटपौर्णिमा, उद्या प्रतिपदा. भरती पाऊण वाजता."

अण्णांचा जन्म दाभोळ खाडीच्या काठचा, आयुष्यही तिथेच गेलं. कोकणात तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ निघते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, पौर्णिमेला सव्वाअकरा. चंद्र रोज सुमारे पन्नास मिनिटं उशिरा डोक्यावर येतो, भरतीही तेवढीच पुढे सरकते, म्हणून तिथीमागे पाऊण तास. किनाऱ्यावरच्या माणसांना हा हिशेब तोंडपाठ असतो. नोआ या अमेरिकी सरकारी संस्थेचं वेळापत्रक मात्र आमच्या जागेसाठी पावणेदहाच्या आसपासची वेळ दाखवत होतं.

"तीन तासांचा फरक?" अण्णा खुर्ची ओढून शेजारी बसले. मग आम्ही मागच्या आठवड्याच्या वेळा काढून पाहिल्या. रोजची सरक तीच, जवळपास पाऊण तासाची. वेगळा होता तो सुरुवातीचा तास. चंद्र डोक्यावरून गेल्यावर किती वेळाने भरती येईल हे त्या किनाऱ्याच्या आकारावर आणि तळाच्या खोलीवर ठरतं, त्यामुळे ते अंतर प्रत्येक बंदराचं आपापलं असतं. शिवाय बाहेर समुद्रावर भरती झाली तरी आतल्या वळणावळणाच्या खाड्यांत पाणी चढायला बराच वेळ लागतो. कयाकवाल्यांनी हे विसरू नये. समुद्रकिनाऱ्याच्या भरतीची वेळ घेऊन खाजणात गेलात तर तासाभराचा घोळ होतो. वेळापत्रकात आतल्या ठिकाणांच्या वेळा वेगळ्या दिलेल्या असतात, त्याच बघाव्यात.

माझा नियम साधा आहे. भरतीच्या शेवटच्या दीड-दोन तासांत आत जायचं, पाणी थांबतं तेव्हा सर्वांत आत असायचं, आणि ओहोटी लागली की तिच्यासोबत परतायचं. जाताना पाणी ढकलतं, येतानाही पाणीच ढकलतं. नवशिक्यांनी अष्टमीच्या आसपासची भांगाची, म्हणजे कमी चढणारी, भरती निवडावी, कारण तेव्हा ओढ कमी असते. आम्ही उधाण निवडलं. उधाणाला पाणी इतकं चढतं की बसल्या जागेवरून गवताच्या शेंड्यांवरून पलीकडचं दिसतं. भांगाला नुसती चिखलाची भिंत आणि वर आकाश. मला अण्णांना सगळं खाजण दाखवायचं होतं.

सहाला निघालो. गार्डन स्टेट पार्कवेने दक्षिणेला, अठ्ठावन्न नंबरच्या एक्झिटला उतरून टकरटन. टपावर दोघांची कयाक, मागे वल्ही, लाइफ जॅकेट, शिट्टी, दोरी, पाणी, पोळीभाजीचे रोल, आणि फोनसाठी पाणी न शिरणारी पिशवी. न्यू जर्सीत बारा वर्षांपर्यंतच्या मुलांनी होडीत लाइफ जॅकेट घातलेलंच असावं लागतं, मोठ्यांनी ते फक्त सोबत ठेवलं तरी कायद्याला चालतं. मला चालत नाही. अण्णा पट्टीचे पोहणारे आहेत, तरी त्यांनी कुरकुर न करता घातलं.

गाव सुटलं आणि गाडीच्या काचा खाली केल्या. अण्णांनी एक दीर्घ श्वास घेतला आणि म्हणाले, "खाडी आली." तो वास कुजक्या अंड्यासारखा असतो. चिखलाच्या आत हवा पोचत नाही, तिथले जिवाणू गवताचा पाचोळा कुजवताना हायड्रोजन सल्फाइड सोडतात. पुष्कळ जण इथे नाक दाबतात. ज्याने लहानपणी ओहोटीला चिखलात कुर्ल्या शोधल्यात त्याला तो वास घरचा वाटतो.

जून-जुलैत या रस्त्यावर गाडी अगदी हळू चालवावी लागते. डायमंडबॅक टेरापिन नावाच्या कासवाच्या माद्या अंडी घालायला वर येतात. हे कासव आयुष्यभर निमखाऱ्या पाण्यात राहतं, पण अंड्यांना भरतीचं पाणी लागून चालत नाही. खाजणात उंच, कोरडी वाळू फार थोडी, म्हणून माद्या रस्त्याच्या कडेलाच खड्डा करतात. एकेकाळी सूपसाठी माणसांनी यांची इतकी शिकार केली की ती संपत आली होती. आता खेकड्यांचे सापळे आणि गाड्यांची चाकं हे त्यांचे वैरी. आम्हाला दुसऱ्या पुलानंतर एक दिसली, अगदी रस्त्याच्या मधोमध. मी धोक्याचे दिवे लावून गाडी बाजूला घेतली. दोन्ही हातांनी पाठीच्या कडांना धरून तिला उचललं. शेपटीला कधी धरू नये, मणक्याला इजा होते. राखाडी कातडीवर शाई शिंपडल्यासारखे काळे ठिपके, पाठीच्या प्रत्येक खवल्यावर एकात एक रेषांची वर्तुळं. ती ज्या बाजूला चालली होती त्याच बाजूला नेऊन ठेवली. उलट्या बाजूला, "सुरक्षित" म्हणून पाण्यात सोडली तर ती पुन्हा तोच रस्ता ओलांडायला निघते.

पुढचे काही पूल एकेरी आहेत, दोन्ही टोकांना सिग्नल. लाल असेल तर समोर कुणी दिसत नसलं तरी थांबायचं. रस्त्याच्या शेवटी तटरक्षक दलाच्या जुन्या इमारतीत रटगर्स विद्यापीठाचं सागरी संशोधन केंद्र आहे. त्यांचे लोक १९८९ पासून जवळच्या लिटल शीप्सहेड क्रीकच्या पुलावरून दर आठवड्याला रात्रीच्या भरतीत जाळं सोडून समुद्रातून आत येणारी माशांची पिल्लं मोजत आले आहेत. आम्ही तिथपर्यंत गेलो नाही, त्याच्या बऱ्याच अलीकडे उतरलो. उधाणाच्या दिवशी रस्त्याच्या सखल भागांवर खारं पाणी येतं, त्यामुळे गाडी लावताना जागेचा उंच भाग पाहावा. कडेच्या गवतावर आदल्या भरतीने आणून टाकलेल्या काटक्या आणि वाळक्या गवताची रेघ दिसते, तिच्या वर गाडी लावली की काळजी नाही.

उतरायची जागा आधी रिकाम्या हातांनी पाहून यायची. पाणी कुठपर्यंत आहे, फुटक्या काचा किंवा धारदार कालवं आहेत का, आणि मुख्य म्हणजे दुसरं कुणी उतरतंय का. जागा इतकी लहान की एका वेळी एकच होडी मावते. एक म्हातारा मनुष्य खेकड्यांसाठी दोरीला कोंबडीची मान बांधून बसला होता. त्याने आपली बादली हलवून वाट दिली. आम्ही सगळं सामान रस्त्याच्या कडेलाच भरलं आणि मग होडी खाली नेली, म्हणजे पाण्याशी जाऊन कुणाची वाट अडवायला नको. पुलाखालून पाण्याची ओढ फार असते, उधाणाला तर जास्तच. म्हणून नाक पुलाच्या विरुद्ध दिशेला वळवलं, गुडघाभर पाण्यात होडी तरंगती ठेवली, अण्णांना पुढे बसवलं आणि मग मी मागे बसले. होडी वाळूला टेकलेली असताना बसलं तर ती डुगडुगते आणि बूडही खरवडतं.

अण्णांनी कयाक पहिल्यांदाच हातात घेतली होती. एका वल्ह्याच्या होडीची सवय असल्याने दोन पात्यांचं वल्हं त्यांना सुरुवातीला उगाच वाटलं. दहा-बारा हात मारले आणि लय सापडली. भरती आम्हाला आत नेतच होती, मला फक्त दिशा धरायची होती.

खाजणात वाट चुकणं सोपं आहे, कारण सगळीकडे गवत एकसारखं. एक खूण लक्षात ठेवावी. नागमोडी वाट ही पाण्याने स्वतः केलेली, ती कुठेतरी जाते. काठीने आखल्यासारखी सरळ वाट ही माणसाने खणलेली. १९३० च्या दशकात डास मारण्यासाठी या किनाऱ्यावरच्या खाजणांत अशा समांतर चरांची जाळी खणली गेली. ते चर आत जाऊन बंद होतात आणि इतके अरुंद असतात की लांब कयाक वळतही नाही. पुन्हा प्रत्येक फाट्यावर मागे वळून पाहायचं, परतताना तीच बाजू समोर येणार असते.

आत गेल्यावर ओढ मंद झाली. मी वल्हं आडवं टाकून होडी गवतात घातली. काठावर रोजच्या भरतीत भिजणारं उंच, जाड पात्याचं कॉर्डग्रास असतं. मी एक पातं वाकवून अण्णांच्या हातात दिलं. उन्हात पात्यावर बारीक पांढरे खडे चमकत होते. त्यांनी जीभ लावली. "मीठ!" हे गवत खारं पाणी पितं आणि नको ते मीठ पात्यावरच्या ग्रंथींतून बाहेर टाकतं. आमच्याकडे हेच काम तिवरांची पानं करतात, तेही अण्णांनी लगेच सांगितलं. इथे तिवरं का नाहीत, असं त्यांनी विचारलं. थंडी हे कारण. हिवाळ्यात इथल्या खाड्यांवर बर्फ धरतो, त्यात खारफुटी टिकत नाही. गवत मात्र वरून वाळतं आणि वसंतात मुळांपासून पुन्हा येतं. बुंध्याशी चिखलात अर्धे रुतलेले शिंपले घट्ट बसले होते, आणि एक नांगी भलतीच मोठी असलेले इवलेसे खेकडे पाणी चढेल तसे बिळांत शिरत होते.

काठापासून आत, जरा उंचावर गवत बदलतं. तिथे ‘सॉल्ट हे’ नावाचं बारीक, मऊ, वाऱ्याने एकाच बाजूला लोळलेलं गवत. पूर्वी इथले शेतकरी ते कापून गुरांखाली अंथरायला आणि काचसामान बांधायला वापरत. डेलावेअरच्या खाडीकडे तर त्यासाठी बांध घालून भरतीचं पाणी अडवत. अण्णांना हे सांगताच ते आमच्याकडच्या खारबंदिस्तीबद्दल, भरतीच्या रात्री बांध फुटला की सगळा गाव फावडी घेऊन कसा धावायचा त्याबद्दल बोलू लागले. ते मी पहिल्यांदाच ऐकत होते. होडीत दोघंच असलो की माणसं बोलतात.

याच मऊ गवतात सॉल्टमार्श स्पॅरो घरटं करते. चिमणीएवढा पक्षी, चेहऱ्यावर नारिंगी पट्टा. घरटं जमिनीपासून वीतभरही वर नसतं. उधाणाला ही जागा बुडते. पाणी येऊन गेलं तर अंडी पुष्कळदा वाचतात, पिल्लं बुडून मरतात. म्हणून एक मोठं उधाण ओसरलं की मादी लगेच नवं घरटं बांधते. अंडी घालणं, उबवणं, पिल्लं गवतावर चढण्याजोगी होणं, हे सगळं तिला पुढचं मोठं उधाण यायच्या आत, साडेतीन आठवड्यांच्या आसपास उरकायचं असतं. आता समुद्रच वर आल्याने साध्या भरतीलाही पाणी तिथवर पोचतं. १९९८ ते २०१२ या काळात या पक्ष्याची संख्या दरवर्षी सुमारे नऊ टक्क्यांनी घटत गेली, असं अभ्यासात दिसलं. अटलांटिक सिटीला १९११ पासून समुद्राची पातळी मोजतात. तेव्हापासून तिथे पाणी जवळजवळ दीड फूट चढलंय, जगाच्या सरासरीच्या दुपटीहून अधिक, कारण इथली जमीनही खचते आहे. त्या दिवशी पाणी मऊ गवताच्या बुंध्यांशी चढताना मी पाहत होते. पक्षी दिसला नाही, घरटी शोधायला गवतात पाय घालायचाही नाही. पण पौर्णिमेनंतरचा दिवस होता आणि माझ्या पोटात कालवत होतं.

ऑस्प्रे हे मासे पकडणारे शिकारी पक्षी मात्र भरपूर दिसले. डीडीटी या कीटकनाशकामुळे अंड्यांची कवचं पातळ होऊन १९७० च्या दशकात राज्यात त्यांची जेमतेम पन्नास घरटी उरली होती. १९७२ मध्ये डीडीटीवर बंदी आली, लोकांनी खाजणांत खांब रोवून त्यांवर फळ्या ठोकून दिल्या, आणि आता सातशेहून अधिक जोड्या आहेत. खांबाजवळ होडी नेऊ नये. मादी ओरडत उठली म्हणजे आपण फार जवळ गेलोय.

पाणी थांबलं तशी आम्ही न्याहारी काढली. अण्णांनी विचारलं, "हे सगळं सरकारचं ना? मग आपण विचारलं कुणाला?" मला हा प्रश्न फार आवडला, कारण त्याचं उत्तर आमच्या घरापासून वीस-पंचवीस मिनिटांवर, पर्थ अँबॉयला घडलं आहे. तिथे रॅरिटन नदीकाठी अर्नोल्ड नावाच्या शेतकऱ्याने आपल्या शेतासमोरच्या पाण्यात कालवं लावली होती. मंडी नावाचा माणूस होड्या घेऊन आला आणि ती काढून घेऊन गेला. अर्नोल्डने दावा लावला. १८२१ मध्ये न्यू जर्सीच्या सर्वोच्च न्यायालयाने तो फेटाळला. भरतीचं पाणी जिथे येतं ती नदी, तिचा तळ आणि त्यातले मासे-कालवं सगळ्या जनतेची, असं न्यायालय म्हणालं. अमेरिकेत सार्वजनिक विश्वस्ततेचा, म्हणजे असं पाणी सरकारने जनतेसाठी सांभाळायचं असा, कायदा ज्या निकालांवर उभा राहिला त्यांतला हा पहिल्यांपैकी एक. २०१९ मध्ये न्यू जर्सीने ते तत्त्व लेखी कायद्यातही आणलं.

हक्क असला तरी पाण्यापर्यंत पोचायला वाट लागते. किनाऱ्याने मैलोन् मैल खाजगी घरं, खाजगी धक्के आणि "प्रवेश नाही"च्या पाट्या आहेत. ज्याच्याकडे बंगला नाही, मोटरबोट नाही, त्याच्यासाठी हा हक्क पुलाशेजारच्या त्या चार हात वाळूत आहे. सकाळी कोंबडीची मान घेऊन बसलेला माणूस आणि आम्ही, दोघांनाही तीच जागा. अशा जागेसाठी राज्याला फार खर्चही येत नाही. गाड्यांपुरती कड, उताराची थोडी देखभाल, एक पाटी, बस्स. नव्या पुलांची किंवा रस्तादुरुस्तीची कामं निघतात तेव्हा अशा जागा कठड्यांमागे सहज गडप होतात, म्हणून त्या वापरत राहायला हवं आणि सुनावण्या होतात तेव्हा जाऊन बोलायला हवं. मी जाते.

ओहोटी लागली. गवताची पाती काठाकडून खाडीकडे झुकू लागली, हीच निघायची खूण. दुपारी समुद्रावरून दक्षिणेचा वारा सुटतो आणि मोकळ्या पाण्यात नाकावर लाटा येतात, त्याआधी परतायचं होतं. जागेजवळ आल्यावर पूल पुढेच असतो आणि पाणी तिकडे ओढतं. म्हणून पन्नासेक हात आधीच काठ धरला आणि गवताला लागून हळूहळू सरकलो. वाळूवर अजून पाणी होतं. ते असतानाच उतरावं, कारण खालचा चिखल गुडघ्यापर्यंत पाय ओढून घेतो आणि चप्पल तर कायमची ठेवून घेतो. अण्णा उतरले, होडीचं नाक धरून उभे राहिले आणि मागून येणाऱ्या एका मुलीची कयाकही त्यांनी वर ओढून दिली. भाषा लागली नाही.

कचऱ्याचे डबे तिथे नाहीत, आपला कचरा आपण न्यायचा. आम्ही गवतात अडकलेल्या मासे धरायच्या दोऱ्या आणि फुगे जमतील तेवढे पिशवीत भरले. ऑस्प्रे घरट्याला दोऱ्या नेतात आणि पिल्लांच्या पायांना गुंडाळी बसते. घरी पोचल्यावर होडी, वल्ही, चाकं गोड्या पाण्याने धुतली आणि गोचिडांसाठी एकमेकांचे पाय, मान तपासली.

संध्याकाळी अण्णांनी डायरीत लिहिलं: "टकरटन. तिथीची पाऊणपट, अधिक नऊ." पुढच्या दोन आठवड्यांच्या वेळा त्यांनी त्यावरून काढल्या आणि मी त्या नोआच्या वेळांशी ताडल्या. थोडा मागेपुढे फरक होता, पण निघायची वेळ ठरवण्याइतका नाही. पुढच्या शनिवारी अष्टमी, म्हणजे भरती तीनला. पाणी भांगाचं, पण परतीला वारा समोरून. तो बेत सोडला. अमावस्येचं उधाण पुन्हा सकाळचं आहे. तोपर्यंत ग्रीनहेड माशा यायला लागतील, त्या कपड्यांवरूनही चावतात, म्हणून अण्णांसाठी लांब बाह्यांचा जाड सदरा आणि जाळीची टोपी आणून ठेवली आहे.